दुसऱ्याची थंडी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक मी महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवला. इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. ते येतं आणि जातं, कायम राहत नाही. म्हणून अर्जुना, ते सोसायला शीक, असं कृष्ण तिथे सांगतो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत या गुणाची, तितिक्षेची, व्याख्या आणखी कडक आहे: दुःखावर इलाज न शोधता, त्याची चिंता न करता, रडगाणं न गाता ते सोसणं. मुंबईच्या उपनगरातल्या मुलांना हे शिकवताना मी नेहमी उन्हाचं, घामाचं, गर्दीच्या लोकलचं उदाहरण द्यायची. श्लोकातली थंडी मात्र आम्ही सगळेच नुसती वाचून पुढे जायचो. ती अंगावर आली फेब्रुवारी २००८ मध्ये, आणि तिच्यासोबत एक प्रश्न आला. आज निवृत्तीनंतर त्याचं उत्तर मला ठामपणे सांगावंसं वाटतं.

त्या फेब्रुवारीत सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा दहा अंशांच्याही खाली उतरला होता. मुंबईचा नीचांक त्याहून जुना आहे: २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझ, ७.४ अंश. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७ अंश होते. एकाच शहरात चार अंशांहून जास्त फरक पडला, कारण कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र पांघरूण घालतो आणि उपनगरांना ते मिळत नाही. पवईत आम्ही समुद्रापासून आणखी आत. एका अंगाला १८९१ मध्ये बांधलेला तलाव, पलीकडे आरेचं रान आणि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. हिमालयात पश्चिमी विक्षोभ बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे वारे खाली येतात. आकाश निरभ्र असतं, जमिनीत दिवसभर साठलेली ऊब रात्री वर निघून जाते, आणि दुपारी समुद्रावरून येणारे वारे उशिरा सुरू होतात. सिमल्यात पडलेल्या बर्फाचा शेवटचा श्वास अशा रीतीने पवईच्या खिडकीपर्यंत पोचतो.

शहरातल्या माणसाला हे दिवस सणासारखे वाटतात, आणि वाटावेतही. तलावावर सकाळी धुकं तरंगत असतं, पद्मावतीच्या देवळाकडे जाणाऱ्या लोकांच्या खांद्यावर शाली असतात, पेटीतून निघालेल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो. बाजरीची भाकरी गोड लागते. अंगात उत्साह असतो. माझाही त्या दिवसांत तोच अनुभव होता. थंडी सोसण्यात एक आनंद आहे, शरीर जागं होतं, मन निवळतं, हे मी नाकारत नाही.

त्या वेळी आमच्या वसाहतीच्या सभागृहात रविवारी सकाळी गीतेचा अभ्यासवर्ग चाले आणि निरूपण माझ्याकडे असे. योगायोगाने दुसरा अध्याय सुरू होता. चौदावा श्लोक झाला. वर्गातले एक ज्येष्ठ सदस्य, निवृत्त अभियंते, अतिशय सज्जन माणूस, म्हणाले, "बघा, आज आपल्याला श्लोकाचं प्रात्यक्षिकच मिळालं. मी पहाटे गार पाण्याने आंघोळ केली. पहिले दोन तांबे जड गेले, मग काही वाटलं नाही. थंडी शेवटी मनाचा खेळ आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई उशिरा आल्या. डोळे तांबारलेले. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाई, रात्रभर पत्रा गळत होता."

"फेब्रुवारीत?"

"पावसाचं नाही हो. पत्र्याला घाम येतो. सासूबाईंची गोधडी पार भिजली. त्यांना दमा. मग त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि मी वर प्लास्टिक बांधत बसले."

मी त्यांच्यासोबत टेकडीवरच्या त्यांच्या खोलीत गेले. दहा बाय दहाची खोली, वर सिमेंटचा नाही, लोखंडी पत्रा. अशा स्वच्छ रात्री पत्रा हवेपेक्षाही गार पडतो. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ, संध्याकाळी उकळलेल्या पाण्याची वाफ, सगळी त्याला जाऊन लागते, थेंब धरते, आणि थेंब जड झाले की खाली टपकतात. पत्र्याच्या खालच्या अंगाला त्या थेंबांच्या ओघळांनी गंजाच्या रेघा पडल्या होत्या, थेट म्हातारीच्या अंथरुणापर्यंत. फरशी इतकी गार की चटईवरून पाय काढवत नव्हता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, एकेक श्वास मोजल्यासारखा घेत. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "थंडी आहे," एवढंच म्हणाली. रडगाणं नाही, इलाजाची मागणी नाही. विवेकचूडामणीची व्याख्या तिच्या बाबतीत अक्षरशः पुरी होत होती. आणि तरी, ही तितिक्षा नव्हे, हे तिथे उभं राहून मला स्वच्छ दिसलं.

का नव्हे? हाच तो प्रश्न. थंडी जर येणारी-जाणारी असेल, तर तिची थंडीही येणारी-जाणारीच आहे. मग श्लोक आमच्या अभियंत्यांना लागू होतो आणि तिला होत नाही, असं कसं?

पहिलं उत्तर अधिकाराचं आहे. वेदान्तात तितिक्षा हा शमादि षट्कातला, म्हणजे शम वगैरे सहा गुणांतला एक, साधनचतुष्टयाचा, म्हणजे साधकाच्या चार साधनांचा, भाग. ज्याने विवेक केला, ज्याला वैराग्य आलं, ज्याने स्वतः होऊन हा मार्ग धरला, त्याच्यासाठी ते साधन सांगितलं आहे. जवळ शाल असून ती बाजूला ठेवणारा तप करतो. ज्याच्याजवळ शालच नाही तो फक्त कुडकुडतो. तपाला निवड लागते, आणि म्हातारीला कोणी निवडायला सांगितलं नव्हतं. रणांगणावर कृष्ण जे बोलतो ते समोर धनुष्य टाकून बसलेल्या, समर्थ माणसाला बोलतो. तो अर्जुनाला स्वतःच्या दुःखाविषयी सांगतो आहे. "दुसऱ्याला होणारी थंडी खोटी समज", असं त्या श्लोकात कुठेही नाही.

दुसरं उत्तर गीतेच्याच पुढच्या अध्यायांत आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात परमयोगी कोण, तर जो सगळीकडे स्वतःच्या उपमेने सुख आणि दुःख पाहतो तो. म्हणजे मला जसं दुखतं तसं दुसऱ्याला दुखतं, हे ज्याला कळलं तो. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना शीत आणि उष्ण ज्याला सारखे, असं अठराव्या श्लोकात येतं. पण त्या वर्णनाची सुरुवात तेराव्या श्लोकात होते, आणि ती होते कोणाचा द्वेष न करण्याने, मैत्रीने आणि करुणेने. दोन्ही लक्षणं एकाच माणसाची आहेत. करुणा आधी येते, समता मागून. ज्याने अठरावा श्लोक पाठ केला आणि तेरावा वगळला, त्याच्या हाती समता लागत नाही. हाती लागतो तो नुसता कोरडेपणा.

यावर अभ्यासवर्गात एक आक्षेप आला, आणि तो हलका नव्हता. एक बाई म्हणाल्या, "पण प्रत्येकाचं प्रारब्ध असतं ना? तिच्या वाट्याला पत्रा आला, माझ्या वाट्याला स्लॅब. त्यात आपण किती ढवळाढवळ करायची?" कर्मसिद्धान्त मानणाऱ्या घरांत हा विचार खोल रुजलेला आहे, म्हणून त्याचं उत्तर त्या सिद्धान्ताच्या आतूनच द्यायला हवं. दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब ठेवायचं काम शास्त्राने माझ्याकडे दिलेलं नाही. माझ्याकडे दिलं आहे ते माझं कर्म. तिचं प्रारब्ध तिला इथवर घेऊन आलं असं मानलं, तर मी तिच्या दाराशी येऊन उभी राहिले हेही त्याच हिशेबात आलं. त्या दारात मी काय करते, यावर माझं पुढचं खातं लिहिलं जाणार. प्रारब्धाचं नाव घेऊन हात आखडणारा माणूस कर्मसिद्धान्त अर्धाच वाचतो.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न मला वाटतं सर्वांत स्वच्छ सोडवला आहे, आणि तोही प्रत्यक्ष थंडीतच. अंगुत्तरनिकायात एक प्रसंग आहे. आळवी गावाजवळच्या शिंशपावनात बुद्ध पानांच्या अंथरुणावर बसलेले असतात. हत्थक नावाचा तरुण येतो आणि विचारतो, झोप सुखाची लागली का? बुद्ध म्हणतात, हो, जगात सुखाने झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे. हत्थकाला पटत नाही. हिवाळ्याची रात्र, हिमपाताचे दिवस, गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली जमीन, पानांचा पातळ थर, अंगावर गार काषाय वस्त्र आणि वर गार वारा, असं तो एकेक मोजून दाखवतो. बुद्ध सांगतात की ऊबदार गालिच्यांवर, बंद दारांच्या वाड्यात झोपलेला श्रीमंत गृहस्थ लोभाने, द्वेषाने, मोहाने जळत असेल तर त्याची झोप दुःखाचीच. ही तितिक्षा आहे, आणि ती बुद्ध स्वतःविषयी बोलतात.

आता विनयपिटकातल्या महावग्गाकडे वळा. तोच ऋतू, तेच हिमपाताचे दिवस, जागा वैशालीजवळचं गोतमक चैत्य. भिक्षूंना वस्त्रं किती असावीत हा प्रश्न बुद्धांपुढे होता. ते रात्री उघड्यावर एक वस्त्र पांघरून बसले. पहिला प्रहर सरला तशी थंडी वाजली, त्यांनी दुसरं वस्त्र घेतलं. मधला प्रहर सरला, पुन्हा थंडी वाजली, तिसरं घेतलं. पहाट फुटताना चौथं. मग थंडी वाजली नाही. त्यावरून त्यांनी नियम केला: तीन चीवरं, त्यांतली बाहेरची संघाटी दुहेरी. हिशेब केला तर पदर चारच होतात. आणि हा नियम करताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं? ज्यांना थंडी सोसत नाही, जे थंडीला भितात, असे भिक्षू. पानांवर सुखाने झोपणारा माणूस इतरांसाठी मोजमाप करायला बसला तेव्हा त्याने सर्वांत नाजूक शरीर धरून मोजलं. स्वतःच्या अंगावर थंडी घेतली ती दुसऱ्याला किती वस्त्र लागेल हे कळावं म्हणून. मला तितिक्षेचा याहून चांगला उपयोग माहीत नाही.

आपल्या मातीत हेच गाडगेबाबांनी केलं. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात खराटा, जवळ मडक्याचं खापर. स्वतःला छप्पर त्यांनी कधी घेतलं नाही. पण पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. उघड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा, हा त्यांच्या धर्माचा गाभा होता. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही बाहेरगावाहून आलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना निवारा देते. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन हिवाळ्यात, अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. चिंध्या स्वतःसाठी आणि धर्मशाळा लोकांसाठी, ही वाटणी त्यांनी कधी उलटी होऊ दिली नाही. उलटी झाली की काय होतं ते आपण रोज पाहतो: पांघरूण आपल्याला आणि तितिक्षा दुसऱ्याला.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सगळ्या महाराष्ट्राला पाठ असतो. पारा उतरला की माझा भाऊ रात्री झोपत नाही. द्राक्षाच्या बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतो, धूर ओळींमधून फिरवतो, पहाटे ठिबक सोडतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कोमट असतं. नाहीतर मणी फुगत नाहीत, त्यांना तडे जातात. २००८ च्या त्या आठवड्यात मी त्याला फोनवर म्हातारीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, द्राक्षाला सोस म्हणून चालत नाही. त्याला ऊब द्यावी लागते." ज्या समाजाला द्राक्षाच्या मण्याची थंडी कळते, त्याला माणसाची कळणं अवघड नाही. वर्षाचं उत्पन्न पणाला लागलेलं असतं म्हणून मण्याची थंडी दिसते. माणसाची दिसायला धर्म लागतो.

आणि थंडी हा निव्वळ मनाचा खेळ नाही, हे तर हवामान खातंही मान्य करतं. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आल्याखेरीज थंडीच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीच्या ठिकाणांसाठी मात्र ही मर्यादा १५ अंशांची आहे, सोबत सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घट असली पाहिजे. काश्मीरच्या माणसाकडे फेरन असतो, कांगडी असते, थंडी धरून बांधलेलं घर असतं. पवईच्या टेकडीवरची खोली उन्हाळा आणि पाऊस धरूनही धड बांधलेली नसते, थंडी तर दूरच. त्यात या दिवसांत वारा पडलेला, धूर आणि धूळ जमिनीलगत अडकलेली. दमेकऱ्याला पंधरा अंशही जड जातात. ९ डिसेंबर २०२४ रोजी सांताक्रूझला १३.७ अंश होते. इमारतीत राहणाऱ्याला त्या सकाळी चहा जास्त गोड लागला असेल. पण त्याच वर्षी जून महिन्यात पवईच्या जयभीमनगरातल्या शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या होत्या, आणि अनेक कुटुंबांनी पुढचे महिने पदपथावर ताडपत्रीखाली काढले. पदपथाला थंडी खालून येते. ती सोसायला कोणता श्लोक सांगायचा?

आपल्या पूर्वजांनी याचा विचार केलेला आहे. भविष्यपुराणाच्या उत्तरपर्वात पाणपोईच्या दानासोबतच शेकोटीच्या दानाचाही विधी आहे: हिवाळ्यात देवळाशी, मठाशी, चव्हाट्यावर लोकांसाठी अग्नी पेटता ठेवायचा. उन्हाळ्यातली पाणपोई आपण टिकवली. हिवाळ्यातली शेकोटी मात्र दान म्हणून विसरलो, ती रखवालदारांनी आपापली पेटवायची राहिली. आजच्या शहरात उघडा जाळ आणि धूर नको, हे खरं. पण त्या दानाचा आजचा अवतार आपल्याला ठाऊक आहे. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीच्या थंडीत बेघरांचे जीव गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातलं, आणि पुढे शहरांसाठी लाख लोकवस्तीमागे एक कायमचा, चोवीस तास उघडा निवारा असं प्रमाण ठरलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे आजही नाहीत. हे निवारे म्हणजे आजचं शेकोटीदान, आणि त्याची मागणी करणं हा माझ्या लेखी धर्माचाच भाग आहे.

त्या फेब्रुवारीत आमच्या अभ्यासवर्गाने काय केलं ते मोठं नाही. अभियंते स्वतः टेकडीवर आले, पत्रा पाहिला आणि त्याखाली थोडं अंतर सोडून थर्माकोलच्या लाद्या बसवून घेतल्या. हवेचा थर मध्ये राहिला की थेंब धरत नाहीत. त्यांनी गार पाण्याची आंघोळ सोडली नाही. सोडायची गरजही नव्हती. त्यांची थंडी त्यांची होती, तिचं काय करायचं हे त्यांनी ठरवावं. म्हातारीची थंडी मात्र त्या दिवसापासून त्यांचीही झाली, आणि श्लोक तेव्हा कुठे पुरा झाला.

म्हणून वाचकांना माझं सांगणं आहे. यंदा थंडी पडली की तिचा आनंद जरूर घ्या, जमेल तर थोडी सोसूनही पाहा, शरीराला आणि मनाला ते चांगलं आहे. पण "सोसावं" हा शब्द दुसऱ्याला उद्देशून तोंडी येऊ देऊ नका. इमारतीच्या रखवालदाराच्या चौकीला दार आहे का ते बघा. कामाला येणाऱ्या बाईंना त्यांच्या घरी म्हातारं किंवा तान्हं कोणी आहे का ते विचारा. पांघरूण द्याल तर नवं द्या, आणि सोबत खाली अंथरायला जाड सतरंजी द्या, कारण थंडी जमिनीतून येते. आणि आपल्या विभाग कार्यालयाला पत्र लिहून विचारा की आमच्या भागात बेघरांसाठी निवारा कुठे आहे, आणि नसेल तर तो केव्हा होणार. हे सगळं दिवाळीनंतर लगेच करा. पारा उतरल्यावर धावपळ करून भिजलेली गोधडी वाळत नाही.